फुललेला ओढा आणि नवी मेंढरं

एका छोट्या मेंढीपालन प्रकल्पातला चैत्र: एक प्रकरण

पुरंदर तालुक्यातल्या एका डोंगरपायथ्याच्या वस्तीवर घडलेली ही हकीकत. कुटुंब ओळखू येईल असे तपशील बदलले आहेत. रोगाची लक्षणं, उपचार आणि घेतलेले निर्णय जसेच्या तसे ठेवले आहेत. मी पशुवैद्यक म्हणून या प्रकरणात होतो. घरातल्या सगळ्यांच्या परवानगीनं आणि त्यांनीच आग्रह धरला म्हणून हे लिहितो आहे.

पार्श्वभूमी

घरातले आबा आयुष्यभर मेंढरांमागे चाललेले. दिवाळी झाली की घोड्यांवर बिऱ्हाड चढवायचं, घाट उतरून कोकणात जायचं, कापणी झालेल्या भातखाचरांत मेंढरं बसवायची आणि पावसाच्या तोंडाला माघारी यायचं. त्यांच्या धाकट्या मुलानं आणि सुनेनं हा फेरा थांबवला. मुलीची शाळा हे पहिलं कारण, वाटेतले अपघात आणि चराईवरून होणारे तंटे हे दुसरं. तीन एकर जिराईत जमीन, एक विहीर, वस्तीला लागून पत्र्याचा वाडा आणि पस्तीसच्या आसपास काळ्या दख्खनी मेंढ्या, एवढ्यावर त्यांनी जम बसवला होता. सकाळी चराई, दुपारी वाड्यात, संध्याकाळी कडबा आणि थोडी पेंड. लेंडी खताला गावातच गिऱ्हाईक होतं.

या व्यवस्थेत एक गोष्ट नव्यानं आली होती आणि तिच्याकडे कुणाचं फारसं लक्ष गेलं नव्हतं. जुन्या चालीत फाल्गुन-चैत्रात मेंढरं या डोंगरात नसायचीच. ती कोकणात किंवा वाटेवरच्या पाण्याखालच्या शिवारात असायची. घरच्या माळावर चैत्र काढण्याचा अनुभव आबांच्या पिढीलाही बेताचाच होता.

आपल्याकडचा वसंत मेंढपाळाला चकवतो. पळस आणि काटेसावर लालभडक होतात, पांगाऱ्यावर पक्ष्यांचा गलका असतो, करंज कोवळ्या पानांनी चमकतो, कडुनिंबाला मोहोर येतो. डोळ्यांचं पारणं फिटतं. पण हे सगळं असतं डोक्याच्या वर. मेंढीच्या तोंडाच्या उंचीवर बघितलं तर कुसळी गवताची वाळलेली काडी, तरवडाची पिवळी फुलं (त्याला मेंढी सहसा तोंड लावत नाही), पडीक रानातला काटेरी पिवळा धोतरा आणि रुई. ज्वारीची काढणी होऊन गेलेली, धसकटं चरून संपलेली. बाभळीच्या शेंगा अजून पक्व व्हायच्या असतात. वर्षातला सर्वांत रंगीत महिना हाच मेंढीसाठी सर्वांत उपाशी महिना असतो.

वस्तीच्या खालच्या अंगाला ओढा आहे आणि ओढ्याच्या दोन्ही काठांनी घाणेरीची दाट जाळी. टणटणी म्हणतात तीच. हे झुडूप मूळ अमेरिका खंडातलं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात शोभेसाठी आणलं गेलं आणि तिथून देशभर पसरलं. त्या वर्षी फाल्गुनात एक अवकाळी सर आली आणि आठ-दहा दिवसांत अख्खी जाळी कोवळ्या पानांनी व पिवळ्या-गुलाबी-तांबड्या फुलांनी भरून गेली. फुलपाखरांनी ओढा हलता दिसायचा. सूनबाईंना ती जाळी आवडायची आणि त्यामागे व्यवहारही होता: लांडगा त्या बाजूनं येत नाही, चोरही येत नाही. जुन्या काळ्या मेंढ्या वर्षानुवर्षं तिच्या कडेनं चरत होत्या. कधी एक मेंढी आजारी पडली नव्हती.

अडचण कशी उभी राहिली

ईदला विकता येतील असे भरगच्च नर मिळावेत म्हणून जोडप्यानं सांगली जिल्ह्यातल्या जत भागातून बारा माडग्याळ मेंढ्या आणल्या. काही गाभण, तीन कोकरांसह. माडग्याळ म्हणजे उंच, लांब पायांची, बाकदार नाकाची, पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिपके असलेली मेंढी. कोकरं झपाट्यानं वाढतात, म्हणून तिला भाव चांगला. पैसे एका पतसंस्थेच्या कर्जातून उभे केले होते.

मेंढरं टेम्पोनं रात्री उशिरा पोचली. प्रवासात चारा नाही, पाणी एकदाच. रात्री वाड्यात कडबा टाकला, पण नव्या जागी बिथरलेल्या मेंढ्यांनी तो फारसा खाल्ला नाही. सकाळी त्यांना जुन्या खांडाबरोबर, म्हणजे घरच्या कळपाबरोबर, सोडलं. भुकेल्या मेंढ्या ओढ्याकडे वळल्या, कारण हिरवं तेवढंच होतं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तीन पांढऱ्या मेंढ्या मागे पडू लागल्या. चरेनात, रवंथ थांबलेला, मान खाली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचे कान सुजून जड झाले, पापण्या फुगल्या, डोळ्यांतून पाणी. ऊन चढलं तशा त्या डोकं दुसऱ्या मेंढीच्या पोटाखाली खुपसून उभ्या राहायला लागल्या. आणखी दोन माडग्याळ त्याच वाटेवर होत्या. काळ्यांपैकीही दोन सुस्त होत्या, पण त्यांच्या कातडीवर काहीच नव्हतं.

पहिला निर्णय: हा साथीचा रोग आहे का?

मला फोन येण्याआधी घरात तीन मतं झाली होती. मुलाला वाटलं, काहीतरी चावलं. दुकानातून आणलेलं एक प्रतिजैविकाचं इंजेक्शन त्यानं टोचलंही होतं. शेजारच्या वाड्यातल्या मेंढपाळाला वाटलं, नवी बकरी (मेंढपाळांच्या बोलीत मेंढी) रोग घेऊन आली. आपलं खांड लांब न्यावं. सूनबाईंचं म्हणणं होतं की एकाच वेळी पाच जणींना साप चावत नाही आणि रोग प्रवासात लागला असेल तर घरच्या दोघी इतक्या लवकर कशा पडल्या?

हा प्रश्न नेमका होता. सुजलेलं तोंड बघितलं की मेंढीत नीलजिव्हा (ब्लूटंग) हा साथीचा रोग पहिल्यांदा आठवतो आणि आठवायलाच हवा. म्हणून मी गेल्यावर ठरलेल्या क्रमानं बघत गेलो. ताप: एकीलाही नाही. नीलजिव्हेत सुरुवातीला चांगलाच ताप असतो, शिवाय तो चिलटांमुळे पसरतो आणि आपल्याकडे पावसाळ्यात व त्यानंतरच्या महिन्यांत जास्त दिसतो. तोंडात व्रण नाहीत, खुरांच्या वरच्या कडेला लाली नाही, नाकातून घट्ट शेंबूड नाही. पापणी उलटून बघितली तर आतली बाजू हळदीसारखी. लेंड्या कमी आणि दगडासारख्या, लघवी गडद. काळ्या दोघींच्या पापण्याही पिवळ्या.

उलगडा झाला तो इथे. कावीळ पांढऱ्या आणि काळ्या दोघींना होती. भाजलेली कातडी फक्त पांढऱ्यांची होती. म्हणजे बिघाड यकृतात होता आणि कातडीवरचं जे दिसत होतं ते उन्हाचं काम होतं. काळ्या मेंढीला तिच्या कातडीतल्या रंगद्रव्यानं वाचवलं होतं.

मग आम्ही ओढ्यावर गेलो. आबा पुढे. जाळीच्या कडेला गुडघ्याएवढ्या उंचीवर कोवळे शेंडे खुडलेले होते, ओळीनं, दहा-पंधरा पावलांच्या टप्प्यात. आबा खाली बसले, एक शेंडा हातात घेतला आणि म्हणाले, "आपल्या बकऱ्यांनी हे कधी खाल्लं न्हाई. ह्यांना कुणी शिकवलंच न्हाई."

घाणेरी करते काय

घाणेरीच्या पानांत लँटाडीन नावाची विषारी द्रव्यं असतात. ती यकृतातून पित्त बाहेर पडण्याची वाट बंद करतात. एरवी हिरवा चारा पचताना पानांतल्या हरितद्रव्यापासून पोटात फायलोएरिथ्रिन नावाचा पदार्थ तयार होतो आणि पित्तावाटे निघून जातो. वाट बंद झाली की तो रक्तात साचतो, कातडीपर्यंत पोचतो आणि ऊन लागलं की तिथे अक्षरशः भाजतं. कान, पापण्या, नाक, ओठ, म्हणजे जिथे लोकर नाही आणि रंगही नाही, तिथे सर्वांत आधी.

दुसरी गोष्ट याहून घातक. यकृत बिघडलं की मोठ्या पोटाची हालचाल थांबते. खाल्लेला पाला तिथेच पडून राहतो आणि त्यातून विष झिरपत राहतं. त्यामुळे मेंढीला जाळीपासून लांब नेलं म्हणजे धोका टळला असं होत नाही. जाळी तिच्या पोटातच असते. साधारणपणे अंगाच्या वजनाच्या एक टक्क्याच्या आसपास ओला पाला पोटात गेला तर विषबाधा होऊ शकते. तीस-पस्तीस किलोच्या मेंढीला पाव ते अर्धा किलो पाला. उपाशी मेंढी तेवढा सहज खाते.

त्या भागात वाढलेली जनावरं घाणेरीला तोंड लावत नाहीत. बाहेरून आलेली, त्यातही भुकेली, लावतात. घरच्या दोन काळ्या मेंढ्यांनी मात्र का खाल्लं, याचं खात्रीचं उत्तर माझ्याकडे नाही. नव्या मेंढ्या खाताना बघून त्यांनीही तोंड घातलं असावं असा माझा अंदाज आहे.

समोर असलेले पर्याय

संध्याकाळी अंगणात बसून चौघांनी ठरवायचं होतं.

नमुने पुण्याच्या प्रयोगशाळेत पाठवून अहवालाची वाट बघणं हा एक पर्याय. नमुने घेतले, पण वाट बघायची नाही असं ठरलं, कारण पोटातल्या पाल्याला अहवालाची फिकीर नव्हती. शस्त्रक्रियेनं पोट उघडून पाला काढणं हा खरा मुळावरचा उपाय, मौल्यवान जनावरात करतातही. पण सात मेंढ्या, वस्तीवरची जागा आणि आधीच बिघडलेलं यकृत बघता मी तो सुचवला नाही.

तिसरा पर्याय स्वतः चालत आला. बातमी फुटली होती आणि एक व्यापारी मोटारसायकलवरून आला. आजारी सातही उद्या उचलतो म्हणाला, निम्म्या भावात. कर्जाचा पहिला हप्ता तोंडावर होता. मुलगा गप्प झाला. मला जे सांगायचं होतं ते मी सांगितलं: काविळीचं मांस खाण्यालायक नसतं आणि इंजेक्शन टोचून एकच दिवस झालाय. सूनबाई म्हणाल्या, "आपल्या घरी न शिजणारं दुसऱ्याच्या ताटात कसं वाढायचं?" आबांनी मान डोलावली. व्यापारी माघारी गेला. या निर्णयाला पाच मिनिटंही लागली नसतील, पण त्या कुटुंबाच्या खिशाकडे बघता तो त्या दिवसाचा सर्वांत महाग निर्णय होता. मला या घराबद्दल जो आदर वाटतो तो मुख्यतः या पाच मिनिटांमुळे.

उरला चौथा पर्याय: पोटातलं विष शोषून घेणारा सक्रिय कोळसा भरपूर मात्रेत देणं, सावली आणि सलाईन.

केलेली कारवाई

सक्रिय कोळशाची मात्रा मोठी असते, मेंढीला अर्धा किलोपर्यंत. औषधाच्या दुकानातल्या छोट्या पुड्यांनी काही होत नाही. रात्री फोनाफोनी करून पुण्यातल्या एका रसायन विक्रेत्याकडे माल मिळाला आणि मुलगा पहाटेच निघाला. तोवर शेजारच्या काकींनी चुलीतला कोळसा कुटून आणला. त्यांचा हेतू चांगला होता, पण चुलीतल्या कोळशात ती शोषून घेण्याची ताकद नसते आणि आजारी मेंढीच्या घशात भुकटी जाण्याचा धोका तेवढाच. म्हणून तो दिला नाही. बेंटोनाइट ही चिकणमातीही घाणेरीच्या विषबाधेत उपयोगी ठरलेली आणि स्वस्त आहे. कोळसा मिळाला नसता तर ती शोधली असती.

दुपारपर्यंत कोळसा आला. क्षार घातलेल्या पाण्यात कालवून, नळीनं थेट पोटात, एकेक मेंढी धरून. बाटलीनं पाजायचं नाही असं मी बजावलं होतं. मलूल मेंढीच्या श्वासनलिकेत पाणी गेलं की विषाऐवजी न्यूमोनियानं ती जाते. शिरेतून ग्लुकोज-सलाईन दिलं आणि निरोगी मेंढीच्या पोटातलं थोडं पाणी काढून आजारी मेंढ्यांना दिलं, म्हणजे पचनाचे जीवाणू पुन्हा कामाला लागतात.

सावलीचा प्रश्न कोळशाइतकाच मोठा निघाला. पत्र्याच्या वाड्यात भिंती नव्हत्या. ऊन तिरपं आत यायचं. घराची धान्याची खोली तेवढी अंधारी होती. सूनबाईंनी ज्वारीची पोती ओसरीवर आणली आणि सात मेंढ्या त्या खोलीत ठेवल्या. दिवसभर आत, अंधार पडल्यावर वाघरीत, म्हणजे दोरीच्या जाळ्याच्या कुंपणात, मोकळ्या. चारा हिरवा द्यायचा नाही असं ठरवलं, कारण हिरव्यातूनच कातडी भाजणारा पदार्थ तयार होतो. कडब्याची बारीक कुट्टी, थोडी पेंड आणि ज्वारीच्या पिठाची पातळ आंबील. पहिल्या दिवशी कुणी तोंड लावलं नाही. भाजलेल्या कानांना मलम, माश्या बसून किडे पडू नयेत म्हणून सकाळ-संध्याकाळ तपासणी. हे काम घरातल्या मुलीनं केलं.

तीन कोकरांपैकी दोघांच्या आया आजारी होत्या. त्यांना दूधच राहिलं नव्हतं. घरच्या शेळीचं दूध बाटलीनं सुरू केलं आणि एक कोकरू नुकतंच पिल्लू गेलेल्या काळ्या मेंढीला लावलं. तिनं सुरुवातीला हुसकलं, मग घेतलं.

काय झालं

दोन माडग्याळ गेल्या. एक पाचव्या दिवशी, दुसरी थोडी खायला लागल्यावर, दुसऱ्या आठवड्यात. पहिलीचं शवविच्छेदन केलं: चरबी पिवळीधमक, यकृत सुजलेलं, पित्ताशय फुगून नारिंगाएवढं आणि मोठ्या पोटात अजून ओळखू येतील अशी घाणेरीची पानं. ते बघून मुलगा बराच वेळ काही बोलला नाही. दोन्ही मेंढ्या खोल पुरल्या.

बाकी पाच वाचल्या. काळ्या दोघी चार-पाच दिवसांत रवंथ करू लागल्या. पांढऱ्यांना तीन आठवडे लागले. दोघींच्या कानांची टोकं वाळून गळाली. गाभण असलेल्यांपैकी एक गाभडली. कोकरं तिन्ही जगली. कर्जाचा हप्ता भरायला चार काळे नर ठरल्यापेक्षा आधी, कमी भावात विकावे लागले.

जाळीचं काय करायचं

यावर घरात सर्वांत जास्त वाद झाला. मुलाला त्याच आठवड्यात जाळी पेटवायची होती. राग समजण्यासारखा होता. पण घाणेरी जळल्यावर किंवा वरून तोडल्यावर बुडातून आणखी दाट फुटते, आणि चैत्रात डोंगरपायथ्याला आग लावणं म्हणजे वरच्या रानाला आग लावणं. शिवाय कापून टाकलेल्या फांद्यांचा वाळलेला पालाही विषारीच असतो.

दिल्लीचे वनस्पतीशास्त्रज्ञ प्रा. सी. आर. बाबू यांनी रूढ केलेली पद्धत शेवटी निवडली. झुडपाचं मुख्य मूळ जमिनीखाली थोड्या खोलीवर कुदळीनं तोडायचं आणि अख्खं झुडूप उपटून मुळं आभाळाकडे करून ठेवायचं, म्हणजे ते पुन्हा रुजत नाही. काम अंगमेहनतीचं आहे. म्हणून सगळी जाळी एकदम न काढता चराईच्या वाटेलगतचा काठ आधी घेतला. मेंढ्या तेवढे दिवस दुसऱ्या बाजूला नेल्या.

सूनबाईंचा प्रश्न लांडग्याचा होता आणि फुलपाखरांचाही. पहिल्याला उत्तर सापडलं: रिकाम्या झालेल्या पट्ट्यात पावसाळ्यात सागरगोटी आणि चिलार लावली, दोन्ही काटेरी आणि इथलीच. आतल्या बाजूला शेवरी आणि हादगा, चाऱ्यासाठी. दुसऱ्यासाठी पलीकडचा काठ, जिथे मेंढी उतरू शकत नाही, तूर्त तसाच ठेवला आहे. माझ्या मते तोही पुढे काढावा, कारण बुलबुल फळं खाऊन बिया इकडे टाकणारच. त्यांचं मत वेगळं आहे आणि जमीन त्यांची आहे.

कुठे वेगळं करता आलं असतं

सर्वांत मोठं वळण टेम्पो पोचला त्या रात्री होतं. नव्या मेंढ्यांना दोन-तीन आठवडे वेगळं, वाड्यातच ठेवायला हवं होतं. हे आपण साथीच्या रोगांसाठी सांगतो, पण त्याचा दुसरा फायदा असा की भूक भागते, नव्या चाऱ्याची सवय होते आणि सोडायच्या वेळी मेंढी हिरव्यावर झडप घालत नाही. अडचण खरी होती: बारा मेंढ्यांना पंधरा दिवस बांधून घालायला लागेल एवढा कडबा घरात नव्हता. चाऱ्याची सोय आधी आणि खरेदी नंतर, हा क्रम उलटा झाला. फाल्गुनात मेंढरं स्वस्त मिळतात ती याच कारणानं, विकणाऱ्याकडेही चारा संपलेला असतो.

दुसरं वळण पहिल्या सुस्तीचं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मेंढ्या मागे पडल्या आणि बोलावणं दुसऱ्या दिवशी दुपारी आलं. मधल्या वेळात एक सकाळ उन्हात गेली. रवंथ थांबलेली मेंढी दिसली की कारण कळायच्या आधी तिला सावलीत घ्यायचं, एवढं केलं असतं तरी कान वाचले असते. मेंढ्या वाचल्या असत्या का, हे मी सांगू शकत नाही.

आबांचा तिसरा मुद्दा मला सर्वांत मोलाचा वाटतो. नवी बकरी पहिल्यांदा सोडायची ती पोट भरलेल्या दुपारी, तासाभरासाठी, जुन्या चार मेंढ्यांच्या मधोमध, आणि राखणाऱ्यानं पुढे न चालता ओढ्याच्या बाजूनं चालायचं. यंदा त्यांनी दोन नवे माडग्याळ नर आणले तेव्हा असंच केलं. वाड्यात मुरघासाच्या (मुरवून साठवलेल्या हिरव्या चाऱ्याच्या) पिशव्या आधीच रचून ठेवल्या होत्या आणि बाभळीच्या शेंगा झोडायला आबांनी नवी आकडी बांधून घेतली आहे.